आधी डोळा, मग खांदा, मग खरेदी
एअर रायफल, पिस्तूल, शूटिंग जॅकेट आणि धनुष्य घ्यायला येणाऱ्या पालकांसाठी व खेळाडूंसाठी माहितीपत्रक

शाळांच्या स्पर्धा जवळ आल्या की आमच्या काउंटरवर दोन प्रश्न सतत येतात. पहिला असा : "पोरगी उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते, आणि कोच म्हणतात रायफल डाव्या खांद्यावर घे. असं कसं?" दुसरा खिशाला लागणारा असतो : "जॅकेट उजव्या हाताचं शिवून झालं, आता डाव्याचं करून द्याल का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढे सविस्तर दिलं आहे. दुसऱ्याचं उत्तर नाही असंच आहे, आणि ते द्यायची पाळी येऊ नये म्हणून हा कागद छापला.

ज्या हाताने आपण लिहितो त्याच बाजूच्या डोळ्याने मेंदू नेम धरेल असं नसतं. दोन्ही डोळे उघडे असताना दिशा ठरवण्यासाठी मेंदू एका डोळ्याचं जास्त ऐकतो. रेंजवर सगळे त्याला मास्टर आय म्हणतात. साधारण दोन तृतीयांश लोकांचा हा डोळा उजवा असतो, तर उजव्या हाताची माणसं दहातली नऊ. हा हिशोब जुळत नाही हे लगेच लक्षात येईल. म्हणजे उजवा हात आणि डावा मास्टर आय असलेली मुलं प्रत्येक बॅचमध्ये असणारच. हा आजार नाही, दोष नाही, आणि चष्म्याच्या नंबराशीही त्याचा थेट संबंध नाही. ज्या डोळ्याला नंबर जास्त, तोच मास्टर आय निघालेली मुलं आम्ही पाहिली आहेत.

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा खाणारी चूक एकच आहे : डोळा न बघता सामान मागवणं. घरी मुलाला विचारतात, "तू उजवा ना?" तो हो म्हणतो, आणि ऑर्डर जाते. वर्ध्याहून एक पालक मुलीला घेऊन आले होते. रायफल दुसऱ्या शहरातून सेकंडहँड घेतलेली, जॅकेट आणि ग्लोव्ह नवे, सगळं उजव्या हाताचं. मुलगी मेहनती, होल्डिंग चांगलं, पण बॅकसाइटला (नेम धरायच्या मागच्या छिद्राला) डोळा लावला की काही सेकंदांत तिला "टार्गेट विरघळतं". ती डावा डोळा घट्ट मिटून घ्यायची, आणि तरी मान हळूहळू बटावरून (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावरून) पलीकडे सरकायची. आम्ही हाताच्या खिडकीतून (पद्धत खाली दिली आहे) बघायला लावलं तर मास्टर आय डावा. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा नेऊन झालं होतं. डोळे उत्तम होते, सामान चुकीच्या बाजूचं होतं.

उजव्या हाताचं जॅकेट डाव्याचं का होत नाही, हेही सांगतो, कारण आम्ही मुद्दाम नवं खपवतो असं काहींना वाटतं. बट टेकतो तिथला पॅच, बटणांची पट्टी, कोपर टेकण्यासाठी कमरेला दिलेला कट, सगळं एका बाजूच्या हिशोबाने कापलेलं असतं. शिवाय कापडाच्या जाडीला नियम आहे : एका थराला २.५ मिलिमीटरपर्यंत, दुहेरीला ५ मिलिमीटरपर्यंत. उसवून पॅच हलवला की कुठेतरी जाडी वाढते, आणि इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या सामानाच्या तपासणीला) जॅकेट नापास होतं. स्पर्धेच्या सकाळी ते कळण्यापेक्षा आम्ही आजच नाही म्हटलेलं बरं.

घरी तपासायचं असेल तर असं तपासा

बंदूक लागत नाही, आणि बंदूक हातात घेऊन ही तपासणी कधीही करू नका. मुलाला भिंतीवरच्या घड्याळासमोर तीन-चार मीटरवर सरळ उभं करा. दोन्ही हात पूर्ण लांब करून पंजे एकमेकांवर ठेवायचे आणि अंगठ्यांजवळ रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी सोडायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून घड्याळ बघायचं. मग हात न हलवता एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना घड्याळ खिडकीत राहतं, तो मास्टर आय.

गडबड होते ती बारीक गोष्टींत. एका हाताने बोट दाखवून ही तपासणी करू नका, उजव्या हाताचं बोट उजव्या डोळ्याकडेच ओढलं जातं. मुलाला आधीपासून एक डोळा मिटायची सवय लागली असेल तर तो नकळत मिटतोच, त्यामुळे कुणीतरी समोर उभं राहून बघायला हवं. घड्याळ अगदी समोर हवं. नजर बाजूला वळली की काही लोकांत मेंदू डोळा बदलतो, आणि मग सकाळचा निकाल वेगळा, संध्याकाळचा वेगळा येतो. आणि कृपा करून "बघ, तुझा डावाच असणार" असं मुलाच्या कानावर आधी घालू नका.

दुकानात आम्ही मुलाला घड्याळाऐवजी आमच्या नाकाकडे बघायला सांगतो. खिडकीतून त्याचा कुठला डोळा दिसतो ते आम्हाला समोरून थेट कळतं, मुलाला काही सांगावं लागत नाही. हे वेगवेगळ्या वेळी आणि एकदा चष्मा काढून करतो. बहुतेकांचं उत्तर दर वेळी तेच येतं. काहींचं येत नाही, त्यांच्यात कुठलाच डोळा स्पष्टपणे पुढे नसतो. अशांनी घाईने हात बदलू नये. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.

हात बदलायचा की नाही

डावा मास्टर आय निघाला म्हणजे सगळ्यांनी डाव्या खांद्यावर जावं, असं आमचं मत नाही. खेळ कुठला आणि किती जुना, यावर ते ठरतं.

एअर रायफल नुकती सुरू केली असेल तर बदला, आणि लगेच बदला. पालकांना भीती वाटते की "कमजोर" डाव्या हाताने साडेपाच किलोपर्यंतची रायफल कशी पेलेल. पण रायफलच्या स्टँडिंगमध्ये (उभ्याने नेम धरताना) वजन ट्रिगरचा हात पेलतच नाही. वजन पुढच्या हातावर असतं, त्याचं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, आणि तिथून भार पायांत जातो. डाव्या खांद्यावर गेल्यावर मुलाचा सशक्त उजवा हात आधाराला येतो. डाव्या हाताला शिकायचं असतं ते एका बोटाचं नाजूक काम, आणि ते ड्राय प्रॅक्टिसने, म्हणजे गोळी न भरता केलेल्या सरावाने येतं. कोऱ्या भिंतीसमोर, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, टार्गेट न लावता. पहिले काही आठवडे स्कोअर पडतो. पडू द्या. एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून असा खेळ मात्र करू नका, त्यात कुठलीच बाजू बसत नाही.

हात बदलण्याचा विषय निघाला की मोबाइलवर फिरणारी कारोली ताकाच यांची गोष्ट आम्हाला हमखास दाखवली जाते. ती खरी आहे. हंगेरीच्या या पिस्तूल शूटरचा उजवा हात १९३८ मध्ये ग्रेनेडच्या स्फोटात गेला, ते डाव्या हाताने शिकले, आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. डाव्या हाताला ट्रिगर शिकवता येतो, याचा याहून मोठा दाखला नाही. पण त्यांनी हात बदलला तो उजवा हात उरला नव्हता म्हणून, डोळ्यासाठी नव्हे. दोन्ही हात धडधाकट असलेल्या पिस्तूल शूटरला आमचा सल्ला वेगळा आहे.

पिस्तूल एका हाताने, लांब केलेल्या हातावर धरतात. गाल कशालाच टेकत नाही, त्यामुळे डोळा कुठून बघेल याला मोकळीक असते. उजव्या हाताच्या शूटरने मान थोडी जास्त उजवीकडे वळवली आणि पाय त्या मानाने लावले की डावा डोळा साइटच्या रेषेत येतो. मान ओढली जाऊन नजर चष्म्याच्या काचेच्या कडेतून जायला लागली, तर पायांची जागा बदला, मान अजून वळवू नका. लागल्यास ग्रिप (पिस्तुलाची मूठ) थोडी घासून मनगटाचा कोन जुळवावा लागतो. ग्रिपचं ते काम आमच्याकडे होतं. यासाठी दीड किलोपर्यंतचं पिस्तूल दुसऱ्या हातात शून्यापासून शिकायची गरज क्वचितच पडते.

रायफल अनेक वर्षं उजवीकडून चालू असेल, राज्य पातळीचे स्कोअर असतील, तर खांदा बदलण्याआधी ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर लावायची पट्टी) वापरून बघा. इथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते : दुसरा डोळा मिटून काम भागत नाही. डोळा घट्ट मिटला की त्या बाजूचा सगळा चेहरा आवळतो. शिवाय मिटलेल्या डोळ्यात उजेड जात नाही, म्हणून उघड्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते आणि साइट व काळं वर्तुळ दोन्ही एकदम स्वच्छ दिसणं अवघड जातं. दहा मीटरवर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. एका सामन्यात ६० शॉट, ७५ मिनिटं. एवढा वेळ चेहरा आवळून धरला की शेवटच्या सिरीजमध्ये (शेवटच्या दहा शॉटमध्ये) ते दिसतंच.

म्हणून ब्लाइंडर काळा नको, दुधी हवा. डोळा उघडा राहतो, उजेड जातो, फक्त चित्र जात नाही. चष्म्याला किंवा टोपीला लावायचा तर रुंदी ३० मिलिमीटरच्या आत. रायफलवर किंवा बॅकसाइटला लावायचा तर उंची ३० मिलिमीटरपर्यंत आणि अपर्चरच्या, म्हणजे बॅकसाइटच्या छिद्राच्या, मध्यापासून १०० मिलिमीटरपेक्षा लांब नाही, तोही नेम न धरणाऱ्या डोळ्याच्या बाजूलाच. आम्ही मापाने कापून देतो. रायफल आमच्याकडून घेतलेली नसली तरी देतो.

ट्रॅप आणि स्कीटवाले (शॉटगनने उडत्या तबकड्या टिपणारे) आमच्याकडे कमी येतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे बॅकसाइट नसते, मागची साइट म्हणजे तुमचा डोळाच. उजव्या खांद्यावर शॉटगन आणि डावा मास्टर आय असेल तर नळी नकळत डावीकडे जाते. नवशिक्यांनी खांदा बदलावा, जुन्यांनी डाव्या काचेवर दुधी टेपचा छोटा तुकडा लावून बघावा.

ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन कंपाउंड धनुर्विद्येचा जगज्जेता झाला. आपल्या नागपूरचा मुलगा. तेव्हापासून धनुष्याची चौकशी वाढली आणि त्याबरोबर चुकीच्या खरेदीही. उजव्या हाताचं धनुष्य म्हणजे उजव्या हाताने दोरी ओढायचं धनुष्य, ते धरायचं डाव्या हातात. दोरी ओढून ज्या बाजूच्या गालाशी येते, त्याच बाजूचा डोळा नेम धरतो. रायझरची (धनुष्याच्या मधल्या, हातात धरायच्या भागाची) खिडकी एका बाजूने कापलेली असते, ते उलटं करून चालत नाही. नवशिक्याने इथेही डोळ्याप्रमाणेच बाजू निवडावी.

आमच्या पद्धतीबद्दल

आम्ही फोनवर माप घेत नाही, मुलाला समोर आणायला सांगतो. चंद्रपूर, यवतमाळहून येणाऱ्यांना हे जाचक वाटतं हे आम्हाला माहीत आहे. बसभाडं आणि एक सुट्टी जाते. पण चुकीच्या बाजूचं जॅकेट शिवलं तर त्याच्या कितीतरी पट जास्त जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे मूल वर्षभर स्वतःलाच दोष देत राहतं. आम्हाला हा शेवटचा भाग जास्त खटकतो.

डाव्या हाताचं सामान सहसा तयार मिळत नाही, मागवावं लागतं, वेळ लागतो आणि परत जात नाही. म्हणून डाव्या बाजूच्या ऑर्डरवर आम्ही पालकांची सही घेतो आणि शक्य तर कोचशी बोलतो. सही करण्याआधी आमच्याकडची डाव्या हाताची रायफल आणि ट्रायलचं जॅकेट भाड्याने घेऊन महिनाभर खेळून बघा. ऑर्डर दिलीत तर ते भाडं बिलातून वजा होतं. काही रायफलींत लोडिंग लिव्हर दुसऱ्या बाजूला बसवता येतो, चीकपीस (गाल टेकायचा भाग) आणि बट सरकवता येतात, फक्त ग्रिप बदलावी लागते. जुनी रायफल अशी असेल तर घेऊन या, नवी घ्यायला लावणार नाही. मुलं मोठी झाल्यावर परत आलेली डाव्या हाताची जॅकेटं आणि ग्लोव्हही असतात, मापाला बसली तर निम्म्याहून कमी किमतीत काम होतं. आधी ती बघा.

तपासणीला येताना मुलाचा रोजचा चष्मा आणा, शूटिंगचा वेगळा असेल तर तोही. नंबर काढून वर्ष झालं असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या. पोटभर जेवण आणि झोप झालेली असू द्या, थकलेल्या मुलाची तपासणी आम्ही करत नाही. शनिवार-रविवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी निवांत वेळ देता येतो. उन्हाळी शिबिरासाठी जॅकेट हवं असेल तर माप फेब्रुवारीतच द्या. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात ते जाड कापड घालून माप देताना मुलं हैराण होतात, आणि कारागीरही त्या दिवसांत कमी असतात.