अंडे (आहारातील)

मराठवाड्यात ‘अंडे’ म्हणजे कोंबडीचेच. सोललेल्या, साधारण ५० ग्रॅमच्या अंड्यात सुमारे ७० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. पिष्टमय पदार्थ नावापुरते, तंतू आणि क जीवनसत्त्व अजिबात नाही. म्हणून अंडे एकटे पुरत नाही. भुर्जीत कांदा-कोथिंबीर, वर पिळलेले लिंबू आणि सोबत भाकरी आली की ताट भरते.

या भागात ताटाचा कणा ज्वारी. तिच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. डाळ ती उणीव बरीच भरून काढते, पण अंड्यात सगळी आवश्यक अमिनो आम्ले एकाच ठिकाणी मिळतात. शिवाय वनस्पतिजन्य अन्नात नसलेले ब१२ जीवनसत्त्वही मिळते. येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांच्या, आमटीत उकडलेली अंडी सोडून ती भाकरीबरोबर कुस्करून खाणे हे पोषणाच्या हिशेबाने शहाणपणाचे जेवण आहे.

‘ताकद पांढऱ्यात, चरबी पिवळ्यात’ हा समज व्यायामशाळांतून पसरला. प्रत्यक्षात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने बलकातच असतात. अ आणि ड जीवनसत्त्वे, मेंदूला लागणारे कोलीन, डोळ्यांना उपयोगी ल्युटीन हेही तिथेच. बलक टाकणारा माणूस अंड्याचा मोठा वाटा टाकून देतो. भीती असते कोलेस्टेरॉलची. ते एका अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम असते, पण बहुतेकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल त्यापेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढते. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेने २०१५-२० च्या आवृत्तीत कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली. मधुमेही आणि हृदयरुग्णांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

तालमीत दुधात कच्चे अंडे फोडून पिण्याची रीत आहे, ती तोट्याची. शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने सुमारे ९० टक्के पचतात, कच्च्यातील जेमतेम निम्मी. कच्च्या पांढऱ्यातले ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्व अडवून धरते, आणि साल्मोनेला या जीवाणूचा धोका वेगळाच.

गावरान अंडे महाग विकले जाते, कारण त्याचा बलक गर्द केशरी दिसतो. हा रंग कोंबडीने टिपलेल्या हिरव्या पाल्याचा आणि मक्याचा. कवच तपकिरी की पांढरे, हे कोंबडीच्या जातीवर ठरते. प्रथिनांत दोघांत फारसा फरक नाही. फार्मच्या अंड्याला लोक सरसकट ‘बॉयलरचं’ म्हणतात. खरे तर ब्रॉयलर मांसासाठी पाळतात, अंडी देणारी लेअर. लातूर भागातल्या सोयाबीनची पेंड कोंबडीखाद्यात जाते, म्हणजे शेतातले प्रथिन काही अंशी अंड्यावाटे ताटात परत येते.

राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले, न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून अंडे लोकसहभागावर सोडले. ज्या घरात महिन्यातून एखाद्या वेळीच अंडे शिजते, तिथल्या मुलाला ते एक अंडेही जाणवणारे होते.

श्रावणात अनेक घरांत अंडे बंद असते, आणि ‘उष्ण पडतं’ म्हणून उन्हाळ्यातही मागणी घटते. या समजाला पोषणशास्त्राचा आधार नाही. उन्हाळ्याची खरी अडचण साठवणीची. उन्हात कवचातून पाणी उडून आतली हवेची पोकळी वाढते. म्हणून घरोघरी अंडे पाण्यात सोडून पाहतात: आडवे बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर उकिरड्यावर.