पार्श्वभूमी: ज्यू पोरांचं लिहिणं आणि एक नीट न बसणारा शब्द

अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँकची डायरी तुम्ही वाचलेली असणार, त्यामुळे ती गोष्ट परत सांगत नाही. फक्त तारखा बघा. २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच रेडिओवर एक मंत्री बोलला की लोकांनो, डायऱ्या, पत्रं जपून ठेवा, युद्ध संपलं की आपण गोळा करू. ते तिने ऐकलं, २० मेपासून आधीचं सगळं नव्याने लिहायला बसली, पुस्तक व्हावं म्हणून, आणि ४ ऑगस्टला धाड पडली. जेमतेम अकरा आठवडे. म्हणजे आपल्याला वाटतं की पोरगी एकटीच वहीशी बोलत होती, तर तसं नाही, वाचक समोर धरून तिने खाडाखोड केलेली आहे आणि हे लिहा, आम्हाला हवंय असं सांगणारं मोठं माणूसही त्यात आहे. आज ज्यू टीनएजर्स ओळख आणि ज्यूद्वेष यावर लिहितात त्यामागे पण असं मोठं माणूस असतंच. ते प्रश्न कसा विचारतं, सगळी मेख तिथे आहे.

प्रश्न सगळ्यात चांगला विचारला गेला तो पोलंडमध्ये, तीसच्या दशकात (माझं मत, वाद घालू शकता). तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या (आज लिथुआनियातल्या) व्हिल्ना शहरातल्या एका यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेच्या, संशोधन संस्थेने १९३२, १९३४ आणि १९३९ अशा तीनदा ज्यू तरुणांसाठी आत्मचरित्र स्पर्धा ठेवली. वय सोळा ते बावीस. नाव लिहायचं नाही, टोपणनाव चालेल. भाषा कुठलीही. आणि विषय काय, तर घर, शाळा, मास्तर, मैत्री, प्रेम, राजकीय पक्ष, कामधंदा, सगळं. मोठं काही केलेलं नसलं तरी लिहा, छोट्या गोष्टीही लिहा, असं मुद्दाम सांगितलेलं. सहाशेच्या वर वह्या आल्या!! शिंप्याकडे काम शिकणारी पोरं, फी परवडत नाही म्हणून शाळा सुटलेल्या मुली, बापाशी धर्मावरून भांडलेले. ज्यूद्वेष त्यात आहेच, तो काळच तसा होता, युनिव्हर्सिटीत ज्यू मुलांना वेगळ्या बाकांवर बसवत होते आणि पॅलेस्टाइनला चालते व्हा म्हणून घोषणा चालायच्या. पण तो येतो कसा, तर चालता चालता पायात काटा मोडावा तसा. निबंधाचा विषय म्हणून येत नाही. तिसऱ्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ ठरला होता १ सप्टेंबर १९३९ ला. त्याच पहाटे जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं.

आजच्या चेकियातल्या तेरेझिनच्या नाझी छळछावणीत तर मोठ्यांनी विचारायचीही फार गरज पडली नाही, एक मास्तर पाठीशी होता तेवढंच. तिथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत मुलांना कोंबलेलं होतं आणि त्यातल्या एका खोलीतल्या तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी १९४२ ते ४४ या काळात दर आठवड्याला साप्ताहिक काढलं. आपल्याकडे शाळेत हस्तलिखित निघायचं ना वर्षातून एकदा, तसंच, पण दर आठवड्याला आणि चोरून. कॉपी एकच. शुक्रवारी संध्याकाळी सगळे बंकवर, जमिनीवर गोळा व्हायचे आणि ज्याने जे लिहिलं ते तो वाचून दाखवायचा. सुरुवातीला टाइप करायचे, मग रिबनची शाई संपली तर हाताने लिहायला लागले. संपादक पोरगा कुणी लेख दिला नाही तर घरून आलेल्या पार्सलमधला खाऊ देऊन लिहून घ्यायचा, तरी नाही जमलं तर स्वतःच टोपणनावांनी पानं भरायचा (संपादकाचं दुःख सगळीकडे सारखंच). त्याचं एक सदर होतं गावात फेरफटका मारल्यासारखं, आज बेकरी, पुढच्या वेळी अग्निशमन दल, आणि एकदा शवदाहगृह. त्याच सुरात. जवळजवळ आठशे पानं झाली, आणि तिथे उरलेल्या एका मुलाने ती जमिनीत पुरून ठेवली म्हणून राहिली. लिहिणारे बहुतेक राहिले नाहीत. संपादकाची आई ज्यू नव्हती, पण नाझी कायद्याला अर्धा ज्यू असणंही पुरलं, सोळाव्या वर्षी ऑशविट्झच्या मृत्यूछावणीत मारला त्याला.

त्याने चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं एक चित्र काढलं होतं. त्या चित्राची प्रत २००३ मध्ये इस्रायलचा पहिला अंतराळवीर सोबत घेऊन गेला, कोलंबिया यानातून. हो, तेच यान, ज्यात आपली कल्पना चावला होती. यान कोसळलं १ फेब्रुवारीला आणि तोच त्या मुलाचा जन्मदिवस, असता तर त्या दिवशी पंचाहत्तरचा झाला असता. या बातम्या बघून प्रागमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की घराच्या माळ्यावर सापडलेल्या वह्या याच मुलाच्या, आणि त्याची छावणीच्या आधीची डायरी बाहेर आली.

आता तो शब्द. इथे जरा थांबायला लागेल कारण आजची पोरं लिहायला बसली की पहिला घोळ इथेच होतो. अँटिसेमिटिझम हा शब्द चलनात आला १८७९ च्या सुमारास जर्मनीत, आणि गंमत म्हणजे ज्यूद्वेष्ट्यांनीच तो स्वतःसाठी मिरवला, म्हणजे आम्ही काही जुन्या धार्मिक द्वेषातले नाही, आम्ही सायंटिफिक, वंशावर बोलतोय. सेमिटिक हे खरं भाषाकुळाचं नाव, हिब्रू, अरबी, अरॅमिक, अम्हारिक सगळ्या त्यात. भाषेच्या नावावरून वंश बनवायचा हा उद्योग आपल्याला नवा नाही, आर्य शब्दाचं काय झालं ते माहितीये. त्यातूनच तो नेहमीचा युक्तिवाद निघतो की अरब पण सेमाइटच, मग ते अँटिसेमाइट कसे असतील? आता सेमिटिझम नावाची गोष्टच नाही तर तिच्या विरोधात कोण कसं असणार, पण इंग्रजीत (anti-Semitism) मधली आडवी रेघ आणि कॅपिटल अक्षर बघून तसं वाटतं खरं. म्हणून ती रेघ काढा अशी मागणी बरीच वर्षं होती आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तसंस्थेने ती काढली. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही, रेघही आपण देत नाही, तो प्रश्न आपल्याला आपोआप सुटलेला! तरी मी ज्यूद्वेषच म्हणते, सरळ कळतं.

मराठीत या शब्दाची सवय नाही याचं कारण साधं आहे. कोकणात बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, शेकडो वर्षं राहिले, शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, तेव्हा तेलाचा घाणा बंद म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले गेले, आणि त्या नावात हेटाळणीपेक्षा नोंदच जास्त. इस्रायलला गेलेल्यांनी तिथून मायबोली नावाचं मराठी त्रैमासिक काढलं, म्हणजे ओळख लिहून ठेवायची हौस इथलीही आहे, फक्त ती लिहिताना कुणाला उत्तर द्यायचं ओझं तेवढं नव्हतं.

स्पेलिंगपेक्षा मोठा वाद व्याख्येचा. मे २०१६ ला बुखारेस्टमध्ये ३१ देशांच्या एका गटाने ज्यूद्वेषाची व्याख्या मंजूर केली, खाली अकरा उदाहरणं, त्यातली सात इस्रायलशी संबंधित. कायद्याने बंधनकारक नाही असं त्यातच लिहिलंय, पण सरकारं, युनिव्हर्सिट्या ती वापरायला लागल्या आणि ज्याने मूळ मसुदा लिहिण्यात पुढाकार घेतला तोच म्हणाला की कॅम्पसवर बोलणं दाबायला ही नव्हती. मग मार्च २०२१ मध्ये दोनेकशे अभ्यासकांनी पर्यायी जाहीरनामा काढला, कारण पहिल्या व्याख्येने इस्रायलवरची टीका आणि ज्यूंचा द्वेष यांची सरमिसळ होते असं त्यांचं म्हणणं. यात सोळा वर्षांच्या मुलीने काय करायचं? इस्रायलच्या बाजूने लिहिलं तर शाळेतले मित्र तुटतात, गाझावरच्या हल्ल्यांविरुद्ध लिहिलं तर आपलेच लोक गद्दार म्हणतात, आणि मला फक्त आजीच्या शुक्रवारच्या जेवणावर लिहायचंय म्हणाली तर स्पर्धेच्या विषयात बसत नाही.

कारण आता विषय ठरलेला असतो. ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ माणसं मारली गेली आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर तर पूरच आला, निबंध स्पर्धा, फेलोशिप, कविता वाचन, कॉलेज अ‍ॅप्लिकेशनचा निबंधसुद्धा. हेतू चांगलाच आहे, द्वेष वाढलाय हेही खरं. २०२४ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या एका युनिव्हर्सिटीबाहेर ज्यू विद्यार्थ्यांना पोलंडला परत जा असं ओरडले लोक, आणि पोलंडमध्ये नव्वद वर्षांपूर्वी काय ओरडायचे ते वर आलंच आहे. मोठ्यांची घाई मात्र तेव्हापेक्षा वाढलीये. २०१९ मध्ये हंगेरियन बोलणाऱ्या एका तेरा वर्षांच्या मुलीच्या १९४४ च्या डायरीवरून इन्स्टाग्राम स्टोऱ्या बनवल्या, तिच्या हातात फोन असता तर अशा कल्पनेने, लाखो फॉलोअर्स मिळाले आणि उथळ म्हणून शिव्याही. तिची मूळ डायरीच आईने किती बदलली यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

व्हिल्नातल्या वह्यांचं काय झालं ते राहिलं. काही नाझींनी लुटून नेल्या, काही घेटोतल्या (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या) लोकांनी कपड्यांत लपवून वाचवल्या, काही एका ग्रंथपालाने चर्चमध्ये दडवल्या. तीनशेच्या वर आत्मचरित्रं आज आहेत. २०१७ ला लिथुआनियात एक लाख सत्तर हजार पानं सापडल्याचं जाहीर झालं, त्यात पाचवीतल्या एका मुलीने १९३३-३४ च्या सुमारास लिहिलेलं स्वतःचं चरित्रही निघालं. ती युद्धातून वाचली होती, अमेरिकेत जाऊन संसार केला होता. वही सापडली तेव्हा ती हयात नव्हती.