'राहू दे आज' आणि भीतीची शिडी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत परवा एका शेजारणीने विचारलं, "मोबाइलने बिघडलेली पोरं मोबाइलनेच कशी सुधारणार हो?" त्यांची मुलगी सातवीत आहे. तोंडी परीक्षेच्या सकाळी तिचं पोट दुखतं. डॉक्टरांना दाखवून झालंय, पोटात काही दोष नाही. मुलांच्या चिंतेवर ऑनलाइन मानसोपचार मिळतात, असं मी म्हणालो, त्यावरचा हा प्रश्न.

पोट खरंच दुखतं, हे आधी मान्य करू या. भीती वाटली की मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला धोक्याची सूचना देतो, अॅड्रेनलिन वाढतं, पचनाचं काम मंदावतं. आई म्हणते, "राहू दे आज." थोड्याच वेळात पोट शांत. गोम इथेच आहे. मेंदू नोंद करतो की घरी राहिलो म्हणून वाचलो. टाळण्याला सुटकेचं बक्षीस मिळालं. मग भीती हातपाय पसरते: आधी तोंडी परीक्षा, नंतर मराठीचा तास, शेवटी शाळेचं फाटक.

यावर उपाय म्हणजे भीतीची शिडी. कविता आधी आरशासमोर म्हणायची, मग आजीसमोर, दोन मैत्रिणींसमोर, अखेर वर्गात. प्रत्येक पायरीआधी मूल लिहितं, "काय होईल?" ("सगळे हसतील.") नंतर लिहितं, काय झालं. भाकीत जितकं जोरात चुकतं, तितका मेंदू जास्त शिकतो.

पण जुनी भीती पुसली जात नाही! रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या कुत्र्यांना ठरावीक संकेतानंतर अन्न मिळे, म्हणून नुसत्या संकेतानेही त्यांना लाळ सुटू लागली. मग संकेत देऊनही अन्न दिलं नाही, की हळूहळू लाळ थांबे. काही काळाने त्याच संकेताला ती पुन्हा सुटे. म्हणजे जुनी आठवण शाबूत राहते, तिच्याशेजारी नवी बसते, आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा तळाकडचा भाग अमिग्डालाला आवर घालतो. शिवाय ही नवी आठवण जागेला चिकटलेली असते. समुपदेशकाच्या खोलीत गेलेली भीती वर्गात परत येऊ शकते. म्हणून सराव भीती जिथे राहते तिथेच व्हायला हवा, आणि फोन नेमका तिथवर पोचतो. शेजारणीच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच.

मुलांच्या चिंतेवरच्या ऑस्ट्रेलियातल्या 'ब्रेव्ह' या ऑनलाइन कार्यक्रमात अशीच शिडी आहे, पालकांसाठी वेगळी सत्रंही आहेत. न्यूझीलंडचा 'स्पार्क्स' हा नैराश्यासाठीचा सात टप्प्यांचा संगणकावरचा खेळ. २०१२ साली १८७ किशोरवयीन मुलांवरच्या चाचणीत तो नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी पडला नाही.

दृष्ट काढायला ओवाळलेल्या मीठ-मोहऱ्या आणि 'सात दिवसांत चिंतामुक्त मूल' म्हणणारं अॅप, दोन्ही मला सारखीच घातक वाटतात. बरं वाटलं तर श्रेय मोहऱ्यांना किंवा अॅपला जातं, आणि मूल पायरी चढलेलंच नसतं.

एकट्या मुलाच्या हाती सोपवलेला कार्यक्रम बहुधा अर्ध्यात सुटतो. सोबत मोठं माणूस लागतंच. मूल जिवाचं बरंवाईट करण्याविषयी बोलत असेल, तर अॅप बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, लगेच जवळचं रुग्णालय गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

शेजारणीला मी म्हटलं, पुढच्या वेळी "राहू दे आज" ऐवजी "पहिला तास करून ये, मी फाटकाशी थांबते" असं म्हणून बघा.