इंटरनेट जोडणी, घरगुती (खानदेश)

तांब्याची तार, प्रकाशतंतू (फायबर), फाइव्ह-जीवरील स्थिर बिनतारी जोडणी आणि उपग्रह ही घरापर्यंत इंटरनेट पोहोचवणारी परस्परस्पर्धी तंत्रे होत. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या संदर्भात त्यांच्या भावी खर्चाचा विचार येथे केला आहे.

खानदेशात ब्रॉडबँड केव्हा आले, याचे उत्तर ब्रॉडबँड कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. २००४ च्या राष्ट्रीय धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट ही किमान गती होती. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट, तर २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. पहिली व्याख्या धरल्यास भारत संचार निगमाने २००५ पासून दूरध्वनीच्या तारेवर दिलेल्या सेवेकडे आरंभाचा मान जातो. आजची लावल्यास त्या काळच्या बऱ्याच जोडण्या बाद ठरतात. त्या त्या काळाची व्याख्या लावणे अधिक रास्त वाटते. तांब्याची मर्यादा मात्र निर्विवाद आहे : एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवर गती कोसळते आणि पावसाळ्यात जोडांत पाणी शिरले की ती आणखी खालावते.

फायबरमध्ये अंतराचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. प्रचलित जीपॉन पद्धतीत एक तंतू सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट माहिती आणतो आणि वीज न लागणाऱ्या विभाजकातून (स्प्लिटर) ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. तंतूच्या काचेत दर किलोमीटरला प्रकाश सुमारे ०.३५ डेसिबल (प्रकाशाची घट मोजण्याचे एकक) घटतो, तर ३२ घरांच्या विभाजकात सुमारे १७ डेसिबल. म्हणजे वीस किलोमीटर काचेपेक्षा एका लहानशा डबीतच प्रकाश अधिक खर्ची पडतो. खरा खर्च खोदाई, खांब आणि जोडकामाचा असतो. गावोगाव ही तार विजेच्या खांबांवरून, धाब्याच्या घरांवरून ओढलेली दिसते. रस्तारुंदीकरणात किंवा उंच भरलेल्या ट्रकने ती तुटते. ‘लाल लाईट लागली’ (घरच्या यंत्रावरील जोडणी तुटल्याची खूण) एवढ्या निरोपावर केबलवाला शिडी व पॉवर मीटर (तंतूतील प्रकाश मोजणारे यंत्र) घेऊन निघतो, तुटलेली टोके सोलतो, नीट कापतो आणि यंत्रात वितळवून सांधतो.

भावी खर्चाबाबत दोन मते आहेत. खोदाई टळत असल्याने बिनतारी जोडणी स्वस्त, असे एक मत असून २०२३ पासून एअरटेल व जिओ यांनी ती बाजारात आणल्याने त्याला बळ मिळाले. परंतु तिची क्षमता टॉवरखालच्या सर्व ग्राहकांत वाटली जाते, स्पेक्ट्रम (बिनतारी सेवेसाठीच्या रेडिओ लहरी) व विजेचा खर्च सुरूच राहतो आणि गर्दीच्या टॉवरलाही शेवटी फायबरच लागते. उलट एकदा टाकलेल्या काचेवर वेगळ्या तरंगलांबीने १० गिगाबिटची पद्धत चालवता येते. बदलावी लागतात ती दोन्ही टोकांची यंत्रे. तापी खोऱ्यातील दाट वस्तीच्या गावांत म्हणूनच फायबरचा पक्ष दीर्घकाळात अधिक ग्राह्य ठरतो.

सातपुड्यात, विशेषतः अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत, हे गणित बदलते. २०११ मध्ये मंजूर झालेली, पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची आहे. तेथून विखुरलेल्या पाड्यांपर्यंतचा टप्पा उरतो. त्या टप्प्यासाठी उपग्रहाचा पर्याय पुढे येत आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये उपग्रह सेवादात्यांवर समायोजित एकूण महसुलाच्या (ठरावीक वजावटीनंतर उरणाऱ्या महसुलाच्या) ४ टक्के आकार आणि दर शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये अधिक घेण्याची शिफारस केली. या शिफारशीत ग्रामीण ग्राहकांना वाढीव आकारातून वगळले आहे.