पाय म्हणजे बावीस सप्तमांश? नेमकं नाही

‘पायची किंमत बरोबर २२/७’ हे वाक्य शाळेपासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि फॉरवर्डमधूनही फिरत असतं. गैरसमज साहजिक आहे. गणितात तसंच लिहायला सांगायचे ना!

पाय म्हणजे वर्तुळाचा परिघ भागिले व्यास. १७०६ साली या गुणोत्तरासाठी पाय हे ग्रीक अक्षर छापलं गेलं. परिघासाठीच्या ग्रीक शब्दाचं ते पहिलं अक्षर. (ग्रीक लोक त्याला ‘पी’ म्हणतात.)

आता मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर २२ ला ७ ने भागा: ३.१४२८५७१४२८५७… तेच सहा आकडे पुन्हापुन्हा. मग पायचं बटण दाबा: ३.१४१५९२६५… तिसऱ्या दशांशस्थळीच वाट फुटली. शिवाय कुठल्याच पूर्णांकी अपूर्णांकात पाय नेमका बसत नाही, हे अठराव्या शतकातच सिद्ध झालंय.

मग २२/७ टाकाऊ? छे! चोपडा-यावलकडे सहा मीटर व्यासाची विहीर बांधायची, तर परिघात चूक येते जेमतेम पाऊण सेंटिमीटर. गवंड्याच्या दोरीचा ताणच त्याहून जास्त फरक पाडतो. अधिक नेमकं हवं असेल तर ३५५/११३ करून बघा, सहा दशांशस्थळांपर्यंत जुळतं.