घरच्या घरी ताजं फ्रूट सॅलड: अननस, आंबा, पपई आणि बाकीची मंडळी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून फळं घेणारे ग्राहक एक प्रश्न वारंवार विचारतात. फळं चांगली होती, एकेक खाल्लं तेव्हा गोडही लागली, मग एकत्र केल्यावर सॅलड पाणचट का झालं? तळाशी रस साचतो, केळी काळपट पडतात, पपईचा लगदा होतो आणि अननस तेवढा दाताखाली करकरतो. बहुतेक वेळा दोष फळांचा नसतो. सगळी फळं एकाच वेळी कापून एकाच वेळी कालवली जातात, तिथे गडबड होते. पिकायला, पाणी सोडायला आणि काळं पडायला प्रत्येक फळ आपापला वेळ घेतं. तो वेळ ओळखता आला की सॅलडसाठी वेगळं कौशल्य लागत नाही. म्हणून हे पत्रक पाककृतीपेक्षा फळांविषयीच जास्त बोलतं.

घरी आल्यावर कोणतं फळ पिकतं, कोणतं नाही

आंबा, पपई, केळं, पेरू आणि पॅशन फ्रूट झाडावरून उतरवल्यानंतरही पिकत राहतात. ही फळं इथिलीन नावाचा वायू स्वतःच तयार करतात आणि त्याच वायूमुळे त्यांचं पिकणं वेग घेतं. केळ्यातल्या पिठूळ भागाची साखर होते, आंब्याचा गर मऊ आणि सुवासिक होतो. घाई असेल तर कडक आंबा किंवा पपई एका पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा. पिशवीत वायू कोंडला जातो आणि पिकणं लवकर होतं. प्लॅस्टिकची पिशवी मात्र वापरू नका, आत ओल धरते आणि फळाला बुरशी लागते.

अननस, लिची आणि ड्रॅगन फ्रूट यांचं तसं नाही. काढणीच्या वेळी जेवढा गोडवा असतो, तेवढाच शेवटपर्यंत राहतो. अननसात पिठूळ साठा नसतोच, त्यामुळे त्याची नंतर साखर होण्याचा प्रश्न येत नाही. ओट्यावर ठेवलेला हिरवट अननस चार दिवसांनी पिवळा दिसेल, मऊही होईल, पण गोड होणार नाही. म्हणून अननस निवडतानाच नीट निवडावा लागतो. बुडाचा वास घ्या, तो गोड यायला हवा. आंबूस, दारूसारखा वास आला तर फळ उतरलेलं आहे. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं वजनदार लागलं पाहिजे. शेंड्याचं पान ओढून पाहण्याची युक्ती अनेक जण वापरतात, पण तिच्यावर विसंबू नका. पान सहज निघालं म्हणजे फळ पिकलेलंच असेल असं नाही.

आंब्याच्या सालीच्या रंगावरूनही फसायला होतं. काही जाती पूर्ण पिकल्या तरी हिरव्याच राहतात, तर काहींवर कच्चेपणीच लाली असते. देठाजवळ वास घ्या आणि तळव्यानं हलकं दाबून पाहा. बोटाच्या टोकानं दाबू नका, तिथे डाग पडतो. पॅशन फ्रूटची साल सुरकुतली की ते खाण्याजोगं झालं असं समजा. गुळगुळीत, तुकतुकीत पॅशन फ्रूट अजून आंबट असतं.

या फळांपैकी कच्चं काहीही फ्रिजमध्ये ठेवू नका, हे आम्ही अगदी आग्रहानं सांगतो. उष्ण हवेत वाढलेल्या या फळांना 10 ते 13 अंश सेल्सियसखालची थंडी सोसत नाही. कच्चा आंबा किंवा पपई थंडीत राहिली की सालीवर खळगे पडतात, डाग पडतात आणि बाहेर काढल्यावरही ती धड पिकत नाही. पूर्ण पिकल्यावर दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. केळ्याची साल तिथे काळी पडेल, पण आतला गर ठीक असतो.

अननस कापताना

सॅलडला आंबटपणा आणि चव अननस देतो, आणि कापायला सगळ्यात अवघडही तोच. शेंडा आणि बूड कापून फळ उभं ठेवा. साल वरून खाली, फळाच्या गोलाईला धरून पातळ काढा. सालीबरोबर डोळेही निघावेत म्हणून जाड काप घेतला तर सालीलगतचा रसाळ गर वाया जातो. पातळ साल काढून झाली की डोळे उघडे पडतात आणि ते तिरक्या ओळींत बसलेले दिसतात. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी धरून उथळ चर काढा, म्हणजे एका फटक्यात डोळ्यांची अख्खी ओळ निघते. मग फळ उभं चिरून चार भाग करा आणि मधला कडक दांडा काढून टाका. साल, शेंडा, डोळे आणि दांडा जाऊन हाती साधारण निम्मं वजन उरतं, तेव्हा खरेदी करताना तो हिशेब धरा.

अननसाचं बूड शेंड्याकडच्या भागापेक्षा गोड असतं. सगळ्या फोडी आधी एकत्र हलवून घ्या, नाहीतर एकाच्या वाटीत गोड आणि दुसऱ्याच्या वाटीत आंबट फोडी जातात.

अननस खाल्ल्यावर जिभेला चुरचुरतं, त्याला त्याचा आंबटपणा आणि ब्रोमेलेन नावाचं विकर अशी दोन कारणं आहेत. हे विकर प्रथिनं तोडतं. दांड्यात ते भरपूर असतं, हेही दांडा काढून टाकण्याचं एक कारण. याच विकरामुळे ताज्या अननसाबरोबर दूध, साय किंवा दही काही वेळ राहिलं की कडू लागायला लागतं, आणि जिलेटिनची जेली तर घट्टच होत नाही. पपईतलं पपेन आणि किवीतलं विकरही याच जातीचं आहे. सॅलडबरोबर दही किंवा साय हवीच असेल तर वेगळ्या वाटीत ठेवा आणि खातेवेळी वरून घ्या. किंवा अननसाच्या फोडी पाच मिनिटं उकळून गार करा. उष्णतेनं विकर निकामी होतं, आणि डबाबंद अननस दुधात कडू होत नाही तो याचमुळे. पण उकळल्यावर ताज्या अननसाची चव जाते, त्यामुळे आमची पसंती वेगळ्या वाटीलाच.

बाकीची फळं

आंब्याची कोय चपटी असते. फळ देठावर उभं धरून कोयीच्या दोन्ही बाजूंनी गाल उतरवा, गरावर उभ्या-आडव्या रेघा मारा आणि चमच्यानं फोडी काढा. देठाजवळचा चीक हाताला किंवा ओठाला लागला तर काहींना खाज येते, पुरळ उठतं. म्हणून कापण्याआधी देठ खुडून तिथला भाग धुऊन घ्या. सॅलडसाठी आंबा पिकलेला पण बोटाला थोडा घट्ट लागणारा हवा. एकदम मऊ झालेल्या आंब्याचा रस काढा, फोडी करू नका.

पपईचंही तसंच. बिया आणि त्यांच्याखालचा पातळ पापुद्रा चमच्यानं खरवडून काढा. पपईत आंबटपणा फारसा नसतो आणि तिचा वास काहींना नकोसा होतो. कापल्याबरोबर वर लिंबू पिळलं तर चव एकदम उठून येते.

पेरू टणक-पिवळसर असताना घ्या आणि बिया दाताला नको असतील तर मधला भाग काढा. क जीवनसत्त्वासाठी लोक संत्र्याकडे पाहतात, पण 100 ग्रॅम पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. ड्रॅगन फ्रूटला चव अगदी सौम्य. रंगासाठी आणि करकरीतपणासाठी घालायचं असेल तर घाला, पण लाल गराचं असेल तर बाकी सगळी फळं गुलाबी होतात. ते वेगळं कापून वाढताना वर ठेवा. लाल ड्रॅगन फ्रूट भरपूर खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवीला लालसर रंग दिसू शकतो, तो फळाचाच असतो. कलिंगड आम्ही या सॅलडमध्ये घालत नाही. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि तासाभरात ते बाकीच्या फळांना बुडवतं.

एकत्र कसं करायचं

चार-पाच जणांसाठी अर्धा मध्यम अननस, एक मोठा आंबा, एका लहान पपईचा अर्धा भाग, दोन केळी, दोन पॅशन फ्रूट, एक लिंबू, अर्धा चमचा किसलेलं आलं आणि पुदिन्याची आठ-दहा पानं पुरतात.

फळं कापण्याआधी अख्खीच वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, जिची साल खाणार नाही तीसुद्धा. सुरी सालीतून आत जाते तेव्हा सालीवरची घाण गरात नेते. खरखरीत सालीला ब्रश लावा. साबण मात्र नको, तो फळात मुरतो. मग स्वच्छ फडक्यानं पुसून घ्या, ओल्या फळाचं पाणीही शेवटी सॅलडमध्येच उतरतं.

पहिल्यांदा अननस कापून चाळणीत ठेवा आणि खाली वाडगं धरा. दहा-पंधरा मिनिटांत जो रस गळतो तो टाकू नका, त्याचा उपयोग पुढे आहे. मग पेरू घेतला असेल तर तो, मग आंबा, मग पपई. फोडी साधारण दोन सेंटीमीटरच्या ठेवा. बारीक चिरलं की जास्त पेशी फुटतात आणि जास्त रस बाहेर पडतो. बोथट सुरीही पेशी चेपते, म्हणून आधी सुरीला धार लावा.

चाळणीखालच्या रसात लिंबू पिळा, आलं आणि पॅशन फ्रूटचा गर बियांसकट घाला. हाच सॅलडचा रस, वेगळा पाक करायची गरज नाही. लिंबाची साल किसून घालायची असेल तर फक्त वरचा रंगीत थर किसा, खालचा पांढरा भाग कडू असतो.

केळी अगदी शेवटी. कापलेल्या केळ्याला हवा लागली की त्यातल्या विकरामुळे ते तपकिरी पडतं. लिंबाच्या आंबटपणानं हे मंदावतं, पण थांबत नाही. म्हणून काप थेट त्या रसात टाका, हलवा, आणि वाढण्याआधी पाच मिनिटं सगळ्यात मिसळा. पुदिन्याची पानंही त्याच वेळी हातानं तोडून घाला.

साखर घालू नका. गोडीचा प्रश्न नंतरचा, आधी पाण्याचा विचार करा: साखर फोडींतलं पाणी बाहेर ओढते, फोडी लिबलिबीत होतात आणि तळाशी पाक साचतो. मीठही तेच करतं. चिमूटभर मिठानं अननस जास्त गोड लागतो हे खरं, पण ते वाटीत वाढल्यावर घाला. फळं खरंच आंबट निघाली तर थोडा मध रसात विरघळवून घाला, फोडींवर भुरभुरवू नका.

फ्रिजमधून काढलेलं सॅलड लगेच वाढू नका. फार थंड फळाला वास येत नाही, आणि या फळांची निम्मी मजा वासात आहे. दहा मिनिटं बाहेर ठेवलंत की पुरे.

कोणी जपून खावं

कमरख, म्हणजे चांदणीच्या आकाराचं स्टारफ्रूट, सॅलडवर फार सुंदर दिसतं. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला ते देऊ नका. त्यातला एक विषारी घटक निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही, आणि उचक्या, गोंधळलेपण, झटके इथपर्यंत त्रास जाऊ शकतो. पाहुण्यांना वाढणार असाल तर आधी विचारा किंवा ते फळ घालूच नका. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्या काही जणांना केळं, पपई आणि किवीचाही त्रास होतो, तेही विचारून घ्या. लहान मुलांसाठी लिचीची बी काढून गराचे तुकडे करा.

उरलं तर

कापलेली फळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. पपईसारख्या कमी आंबट फळावर जंतू लवकर वाढतात. झाकणाच्या डब्यात, 5 अंशांखाली फ्रिजमध्ये सॅलड दुसऱ्या दिवसापर्यंत चांगलं राहतं. केळी घातलेली असतील तर ती त्याच दिवशी वेचून खाऊन टाका.

फळं जास्त झाली आहेत असं कापतानाच लक्षात आलं तर फोडी ताटात एकेक सुट्या पसरून गोठवा आणि कडक झाल्यावर पिशवीत भरा. बर्फामुळे पेशी फुटतात, त्यामुळे या फोडी सुटल्यावर सॅलडच्या कामाच्या राहत नाहीत. पण गोठलेल्याच मिक्सरमध्ये फिरवल्या तर आंबा-केळ्याचं दाट, थंडगार मिश्रण तयार होतं, त्यात बर्फ घालावा लागत नाही. तळाशी उरलेला आल्या-लिंबाचा रस त्यातच ओता.