धुळे शहर मतदारसंघ : मतं फुटतात तेव्हा आणि एकवटतात तेव्हा

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी धुळे शहराचा निकाल लागला. भाजपचे अनुप अग्रवाल यांना १,१६,५३८ मतं मिळाली आणि एमआयएमचे मावळते आमदार फारुक शाह यांना ७०,७८८. फरक ४५,७५० मतांचा. बहुतेकांनी एवढं वाचून पेपर मिटला. पण शाह यांच्या आकड्यावर थोडं थांबायला हवं. २०१९ मध्ये ते निवडून आले तेव्हा त्यांना ४६,६७९ मतं होती. २०१४ मध्ये अनिल गोटे ५७,७८० मतांवर आमदार झाले होते. म्हणजे २०२४ मध्ये पडलेल्या उमेदवाराला आधीच्या दोन्ही विजेत्यांपेक्षा जास्त मतं होती. शाह यांची मतं पाच वर्षांत चोवीस हजारांनी वाढली आणि आमदारकी गेली.

धुळ्यात कोण उभा आहे यापेक्षा समोरची मतं किती ठिकाणी फुटतात, यावर निकाल ठरतो. ही गोष्ट एका निवडणुकीत घडलेली नाही. तिची मुळं शहराच्या बांधणीपर्यंत जातात.

आजचं धुळे आखलं ते इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी. पेशवाई बुडाल्यावर खान्देश कंपनी सरकारकडे आला आणि १८१९ मध्ये ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळे निवडलं. जुन्या गावाशेजारी नवी पेठ बसवली, सरळ रस्ते पाडले. आजही धुळेकर पत्ता सांगतो तो ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर सहा’ असाच. बाहेरचा पाहुणा गोंधळतो, पण रिक्षावाल्याला एवढं पुरतं. गाव निवडण्यामागे रस्त्याचा विचार होता. मुंबईहून आग्र्याकडे जाणारी वाट इथून जात होती, सुरतेकडची वाटही जवळ होती. त्या आग्रा रोडनेच पुढे व्यापारी आणले, आणि १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतले विणकरही आणले. यातले बरेच मालेगावात थांबले, काही धुळ्यात आले. हातमाग गेले, यंत्रमाग आले. मौलवीगंज, वडजाई रोड, शंभर फुटी रोड या भागांची आजची वस्ती समजून घ्यायची तर सुरुवात या रस्त्यापासून करावी लागते.

शहराचे मतांच्या दृष्टीने ढोबळ तीन तुकडे पडतात. पेठा आणि गल्ल्यांमधला व्यापारी, कारागीर आणि जुना रहिवासी. मुस्लिमबहुल मोहल्ले. आणि पांझरा नदीच्या पलीकडचं देवपूर, जिथे शिक्षक, सरकारी नोकर आणि खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबं कॉलन्यांमधून राहतात. प्रताप मिलचा भोंगा ज्यांच्या घरात घड्याळाचं काम करायचा, अशी कामगार घरंही होती. मिल बंद पडली आणि त्यांचा वेगळा राजकीय आवाज विरून गेला. या तिन्हींचा एकच आवडता उमेदवार असणं धुळ्यात फार क्वचित घडलं.

राजकीय इतिहासात धुळ्याची एक नोंद विसरली जाते. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनसंघाचे देशभरात मिळून चारच खासदार निवडून आले. बलरामपूरहून अटलबिहारी वाजपेयी हे त्यातले एक. दुसरे धुळ्याचे उत्तमराव पाटील. काँग्रेसने आपलं खेड्यातलं पहिलं अधिवेशन १९३६ साली ज्या खान्देशात, फैजपूरला घेतलं, त्याच खान्देशात वीस वर्षांनी हा निकाल लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची लाट त्यामागे होती हे खरंच; पण इथल्या पेठांमध्ये या विचाराचं घर तेव्हापासून आहे हेही खरं. हेच उत्तमराव पाटील पुढे १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात मंत्री झाले. भाजप धुळ्यात २०१४ नंतर आला असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता गोटे. धुळे शहराचं गेल्या पंचवीस वर्षांचं राजकारण अनिल गोटे यांना वगळून सांगताच येत नाही. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आलेला, पत्रकारिता केलेला, भाषणात समोरच्याला सोडत नाही असा हा माणूस १९९९ मध्ये समाजवादी जनता पार्टीकडून आमदार झाला. २००३ मध्ये तेलगी मुद्रांक घोटाळ्यात अटक झाली आणि चार वर्षं तुरुंगात गेली. २००४ ची जागा राष्ट्रवादीच्या राजवर्धन कदमबांडे यांनी घेतली. गोटे संपले असं शहरात सगळे धरून चालले होते. तुरुंगातून आले आणि २००९ मध्ये स्वतःच्याच लोकसंग्राम पक्षाच्या नावावर निवडून आले. २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर पुन्हा आले. तेव्हाही समोर कदमबांडेच होते, ४४,८५२ मतांवर. युती आणि आघाडी दोन्ही फुटलेल्या त्या वर्षी प्रत्येक पक्ष स्वतंत्र लढत होता.

तीन विजय, तीन वेगवेगळ्या पक्षांची नावं. पक्षाचा पट्टा बदलला तरी मतदार गोटेंच्या मागे गेला, कारण त्याला माणूस हवा होता. पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते करायचे, नदीकाठ मोकळा करायचा, हा त्यांचा ध्यास होता. त्यावर वाद झाले, खटले झाले, पण आज संध्याकाळी त्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांची गर्दी दिसते. माझ्या मते त्यांचा कस कामात लागत होता आणि नुकसान त्यांच्या तोंडाने होत होतं.

दरम्यान शहरावर दोन जखमा झाल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये दंगल झाली. मग ६ जानेवारी २०१३ रोजी मच्छीबाजार भागात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेला वाद दंगलीपर्यंत गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. मतांचे आकडे मांडताना हे सहा जीव बाजूला ठेवून चालत नाही. त्या दिवसानंतर मोहल्ल्यांमध्ये ‘आपला माणूस विधानसभेत हवा’ ही भाषा उघडपणे सुरू झाली. त्याआधी तिथली गठ्ठा मतं काँग्रेस आणि राष्ट्रवादीला जवळजवळ हक्काची वाटत होती. दुसऱ्या बाजूला पेठांमध्येही तितकीच घट्ट गाठ बसत गेली.

डिसेंबर २०१८ मध्ये महापालिकेची निवडणूक आली. भाजपचे आमदार असलेले गोटे भाजपच्याच विरोधात उभे ठाकले. पक्षात गुंडांना घेतलं जातंय, हा त्यांचा आक्षेप. भाजपची सूत्रं गिरीश महाजन यांच्याकडे होती. ७४ पैकी ५० जागा भाजपला, लोकसंग्रामला एक. विधानसभेला माणूस पाहणारा मतदार वॉर्डात मात्र चिन्हाकडे गेला, कारण नगरसेवक सत्तेतला असला तरच गटारी साफ होतात आणि नळ येतो, असा त्याचा साधा हिशोब होता.

या फाटाफुटीचा परिणाम ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसला. युतीत जागा शिवसेनेकडे गेली. कदमबांडे अपक्ष, गोटे लोकसंग्रामकडून, शिवसेनेचे हिलाल माळी वेगळे. समोर एमआयएमचे फारुक शाह, ज्यांच्यामागे मोहल्ले एकगठ्ठा उभे होते. शाह ४६,६७९, कदमबांडे ४३,३७२. अवघ्या ३,३०७ मतांनी जागा एमआयएमकडे गेली. त्या वर्षी राज्यात एमआयएमचे दोनच आमदार आले : एक धुळ्यातून, दुसरे मालेगाव मध्यमधून. दोन्ही शहरं एकाच आग्रा रोडवर, पन्नासेक किलोमीटरच्या अंतरावर.

इथे मालेगावचा धागा धरावा लागतो. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव आणि बागलाण खान्देशातून काढून तिकडे दिले गेले. पुढे १९०६ मध्ये खान्देशाचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, धुळे पश्चिमेचं ठाणं राहिलं. मालेगाव मात्र नाशिककर झालं. मग २००८ ची पुनर्रचना आली. तोवर अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला धुळे लोकसभा मतदारसंघ खुला झाला आणि त्यात धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा यांच्या जोडीला मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण आले. जिल्ह्याच्या नकाशावर तुटलेलं नातं मतदारयादीत पुन्हा जोडलं गेलं.

सोळा वर्षांनी त्याची किंमत दिसली. २०२४ च्या लोकसभेला भाजपचे डॉ. सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. ही सगळी आघाडी मिळून एक लाख नव्वद हजारांच्या घरात जाते. मालेगाव मध्यची पेटी उघडली : काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना १,९८,८६९, भामरेंना ४,५४२. एकूण निकाल, बच्छाव ३,८३१ मतांनी विजयी. वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार अब्दुल रहमान यांचा अर्ज आधीच बाद झाला होता, एमआयएमनेही उमेदवार दिला नव्हता. फुटायला जागाच उरली नव्हती.

या निकालाने राज्याचं राजकारण हललं. देवेंद्र फडणवीसांनी धुळ्याचा दाखला देत ‘व्होट जिहाद’ हा शब्द सभांमधून वापरला. विधानसभेच्या प्रचारात पंतप्रधान मोदींची महाराष्ट्रातली पहिली सभा ८ नोव्हेंबर २०२४ रोजी धुळ्यातच झाली आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ ही घोषणा तिथून राज्यभर गेली. एका समाजाने एकगठ्ठा मतं दिली म्हणून त्याला युद्धाचं नाव देणं मला मान्य नाही. आपल्याकडे जातीच्या, गावाच्या, तालुक्याच्या नावावर एकगठ्ठा मतदान पिढ्यान् पिढ्या होत आलंय, त्याला कुणी असं नाव ठेवलं नाही. पण त्या घोषणेचा परिणाम झाला हे आकडे सांगतात. २०१९ मध्ये तीन-चार ठिकाणी वाटली गेलेली मतं अग्रवालांच्या पारड्यात एकत्र पडली. गोटे या वेळी ठाकरे गटाच्या मशालीवर उभे होते, तिसऱ्या क्रमांकावर राहिले. ज्या मतदाराने त्यांना तीन वेगळ्या नावांवर निवडून दिलं, त्याने या वेळी माणसापेक्षा बाजू पाहिली. मालेगाव मध्यमध्ये मात्र तेव्हाही मतं दुभंगलीच. तिथे एमआयएमचे मुफ्ती इस्माईल फक्त १६२ मतांनी टिकले आणि पक्षाचे राज्यातले एकमेव आमदार राहिले.

या सगळ्या धामधुमीत ज्या प्रश्नांवर मतं मागितली जायची ते प्रश्न मागच्या बाकावर गेले. विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी देवपुरातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात मी रांगेत होतो. पुढच्या आजींनी शाई लावून घेतली, बोट वाऱ्यावर धरलं आणि बाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोराला विचारलं, “भाऊ, कवय येई पानी?” म्हणजे पाणी कधी येणार? त्या गल्लीत नवव्या दिवशीही नळ आला नव्हता. तापीवरून पाईपलाईन आहे, नकाणे तलाव आहे, वर अक्कलपाड्याचं धरण आहे. तरी घराघरांत निळे ड्रम आणि नळाच्या तारखेची आठवण ठेवणारी बाई आहे. पोराने हसून मान हलवली. आजी हसल्या नाहीत.

दुसरा प्रश्न रेल्वेचा. मनमाड-इंदूर मार्ग धुळ्यातून जावा ही मागणी इथल्या कितीतरी निवडणुकांत दिलेल्या वचनांच्या यादीत होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली, ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटी रुपये. दोन महिन्यांनी आलेल्या प्रचारात तिचा उल्लेख झाला, पण टाळ्या दुसऱ्या वाक्यांना पडल्या. चाळीसगावहून १९०० साली आलेला रूळ अजून तरी धुळे स्टेशनातच संपतो.